दोनशे मेगापिक्सेल आणि एक डाग

दादर, ६ जानेवारी २०२५

प्रिय मनूदादा,

तुझे कान गेल्यापासून तुला फोन करायचा म्हणजे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला आपलं भांडण ऐकवायचं. कानात ते यंत्र तू घालणार नाहीस, कारण ते म्हणे म्हाताऱ्यांसाठी असतं. शहात्तरावं लागलं तुला. असो. म्हणून हे पत्र.

काम आहे म्हणून लिहितेय, उगाच खूष होऊ नकोस. माझ्या डाव्या डोळ्याखाली एक डाग आलाय. दिवाळीत तू आलास तेव्हा पावडर होती, म्हणून तुला दिसला नसेल. तुरीच्या डाळीएवढा, काळपट, कडेला जराशी चमक. परळच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी बघितला आणि म्हणाल्या, तुकडा काढून तपासू. डोळ्याखाली सुई! मी साफ नाही म्हटलं. त्यांनी समजावलं की हा हळूहळू वाढणारा वाईट प्रकार असू शकतो, पापणीत शिरला तर डोळ्याशी खेळ होईल. मी तरी नाहीच म्हटलं. शेवटी आमचा तह झाला. दर पंधरा दिवसांनी मी त्यांना मोबाइलवरून डागाचा फोटो पाठवायचा, मार्चमध्ये समक्ष जायचं, आणि डाग वाढलेला दिसला तर मुकाट्याने कापून घ्यायचा.

आता माझ्या जुन्या फोनच्या फोटोत डाग कुठला आणि डोळा कुठला तेच कळत नाही. सिद्धार्थ म्हणाला, आई, आता कॅमेऱ्यासाठीच फोन घेऊ. शनिवारी मला स्टेशनजवळच्या दुकानात घेऊन गेला. मालक वैभवशेठ, चाळिशीचे, बोलायला मिठ्ठास. त्यांनी साड्या दाखवतात तसे तीन फोन समोर मांडले. एकाला दोनशे मेगापिक्सेल. दुसऱ्याच्या भिंगावर परदेशी नाव कोरलेलं. तिसरा म्हणे चंद्राचे खड्डे दाखवतो. मी विचारलं, "यातला डाग नीट दाखवणारा कुठला?" तर म्हणाले, "मॅडम, यात तुमचा एकही डाग दिसणार नाय, गॅरंटी!" सिद्धार्थ हसला. मला त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही.

तू अडतीस वर्षं ऑपेरा हाउसजवळच्या स्टुडिओत काचेच्या डेस्कावर निगेटिव्ह ठेवून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पेन्सिलीने पुसलेस. कॅमेरा आणि डाग या दोन्ही गोष्टी कळणारा घरात तू एकटाच. तेव्हा कुठला घेऊ ते सांग. नाक मुरड हवं तर, पण सांग.

तुझी,
उर्मिला

---

गिरगाव, ११ जानेवारी २०२५

प्रिय उमे,

नाक मुरडूनच लिहितोय. फोन बोलायला असतो हे आता कुणाला आठवत नाही. आमच्या खालच्या मजल्यावरचा जगदीश, रिटायर झालेला माणूस, परवा नवा फोन दाखवायला वर आला. पाठीवर तीन भिंगं. मी विचारलं, यावर आवाज कसा येतो? तर पाटीवर लिहून दाखवतो, 'आवाजाचं काय, सगळ्यांचा सारखाच.' आणि लगेच माझ्या न केलेल्या दाढीचा फोटो काढून माझ्यासमोर धरला. मला माझी दाढी रोज आरशात फुकट दिसते.

दोनशे मेगापिक्सेल म्हणजे काय ते त्या वैभवशेठला विचार. त्याला धड सांगता आलं तर मी दोन्ही कानांत यंत्रं घालीन. भिंगावर परदेशी नाव आहे म्हणून भुलू नकोस. आमच्या स्टुडिओच्या पाटीवर 'लंडन रिटर्न' होतं आणि मालक उभ्या जन्मात पनवेलच्या पुढे गेले नव्हते. राहता राहिला चंद्र. तिथे तू प्लॉट घेतलायस का?

कुठलाही घे. सकाळी दहाला खिडकीत उभी राहा, दिवे बंद कर, आणि मुख्य म्हणजे ती पावडर पूस. चांगल्या उजेडात भिकार कॅमेरासुद्धा खरं बोलतो.

आणि माझं खरं मत विचारशील तर फोटोंचे हे लाड कशाला? तुकडा काढून दे तपासायला. एक डोळा आणि एक सुई यांत निवड करायला तुला तीन महिने लागतात? लहानपणी लस टोचायला माणूस आला तेव्हा तू पलंगाखाली शिरली होतीस आणि मी तुला पाय धरून बाहेर ओढली होती. आता गुडघे दुखतात, माझ्याने वाकवणार नाही. आपण होऊन बाहेर ये.

तुझा,
मनूदादा

---

दादर, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मनूदादा,

फोन घेतला. दोनशेवालाच. तुझ्या सल्ल्याचा एवढाच उपयोग झाला की चंद्रवाला घेतला नाही.

संसार सुरू आहे त्याच्याबरोबर. पाठीवरचे कॅमेरे इतके वर आलेत की टेबलावर ठेवला तर लंगड्या स्टुलासारखा डुगडुगतो. म्हणून सिद्धार्थने जाड कव्हर चढवलं. आता तो इतका जड झालाय की झोपून बघताना हातातून सुटला तर डागाआधी माझं नाक जाईल. घरात कुणी गरम जेवत नाही. परवा कोळंबीचं भानोलं केलं, तर सिद्धार्थने वरून काढला, नातीने बाजूने काढला, मग मला वाटलं आपणही काढावा. तोवर ते गार दगड झालं. आणि हा फोन आपण होऊन मला सकाळी गाणं लावून माझेच फोटो दाखवतो, वर लिहितो 'तुमच्या सुंदर आठवणी'. आठवणी कधीच्या, तर मंगळवारच्या.

पण फोटो काढतो हं. हात लांब केला की पडद्यात आपला चेहरा दिसतो, बटण दाबलं की झालं. मला कुणाची मदत लागत नाही. डॉक्टरीणबाईंना दोन पाठवले. त्यांचं उत्तर आलं, 'फोटोत वाढ दिसत नाही, तरी मार्चमध्ये दाखवायला नक्की या.' वाढ कसली, डाग उलट फिका पडत चाललाय. तुला खोटं वाटणार म्हणून एक फोटो दुकानात कागदावर छापून घेतला आणि सोबत पाठवतेय. कुड्या आईच्या आहेत, ओळखल्यास का? खरं सांगते दादा, हा फोटो मी पुन्हा पुन्हा काढून बघते. मला वाटलं नव्हतं मी अजून अशी दिसत असेन.

तुझी,
उर्मिला

---

गिरगाव, १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय उमे,

फोटो मिळाला. कुड्या ओळखल्या. त्यांच्या मध्ये जी बाई आहे ती ओळखली नाही.

भिंग लावून पाहिला. डोळ्याखाली डाग नाही. सुरकुती नाही. कपाळाला आठी नाही. गालाला एक छिद्र नाही. बाहत्तर वर्षांच्या बाईचा गाल असा असेल तर ती बाई नव्हे, साबणाची वडी. कुठल्या दुकानात छापून घेतलास? तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर घासघास घासलंय तुला. अगदी रद्दी काम. आम्ही डाग काढायचो, पण खाली कातडी शिल्लक ठेवायचो. गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर घरच्यांनी ओळखायला नको?

आणि 'डाग आपोआप फिका पडला' हे तू मला सांगतेस? मला? अडतीस वर्षांत मी एक गिऱ्हाईक पाहिलं नाही ज्याने पुसून घेतल्यावर असं म्हटलं नाही. लग्नाच्या मुलींच्या आया फोटो हातात घेऊन म्हणायच्या, "आमची बेबी आहेच मुळी अशी." बेबी शेजारी उभी असायची, हनुवटीवर चामखीळ घेऊन. तूही त्या रांगेत जाऊन उभी राहिलीस, छान झालं.

डॉक्टरांना खरे फोटो पाठवतेस ते पाठवत राहा. मला हा रंगवलेला माल नको. या वयात तुला कुणाला दाखवायचंय, तेही एकदा कळव.

मनूदादा

---

दादर, १९ फेब्रुवारी २०२५

मनमोहन,

दादा लिहिलेलं नाही, लक्षात घे.

दुकानाने फोटो फक्त कागदावर उतरवला. कुणीही हात लावलेला नाही. डॉक्टरांना गेला तोच हा फोटो, फोनने काढला तसाच. पण तुला ते पटणार नाही, कारण तुझा धंदा अशाच यंत्रांनी बुडवला आणि तेव्हापासून तुला त्यांचं चांगलं बघवत नाही. आता माझंही बघवत नाही.

कुणाला दाखवायचंय म्हणून विचारतोस? हे गेल्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत मला एकाही माणसाने 'छान दिसतेस' म्हटलं नाही. फोनने म्हटलं. बस, एवढंच.

परळला मार्चमध्ये जायचं होतं, तेही आता जात नाही. फोटोत डाग नाही, मग त्या खुर्चीत बसून सुईच्या गप्पा कशाला मारू? तू यापुढे पत्र पाठवू नकोस. पाठवलंस तर न उघडता परत येईल.

उर्मिला

---

नायगाव-दादर, २३ एप्रिल २०२५

ती. मनूमामा,

नमस्कार. मी जुई, सिद्धार्थची बायको. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहितेय. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे मोठ्याने बोलण्यासारखं नाही. पत्र ऑफिसला जाताना नायगावच्या पेटीत टाकतेय, घराजवळच्या पेटीपाशी आई दिसल्या असत्या.

आई तुमच्यावर रागावल्यात हे मला माहीत आहे. तुम्ही दोन महिने लिहिलं नाहीत, म्हणजे तुम्हीही रागावले असाल. पण मामा, त्यांचा तो डाग शर्टाच्या बटणाएवढा झालाय. त्यावर खपली धरते आणि निघते. टॉवेलवर रक्ताचा ठिपका असतो. डोळ्यातून सारखं पाणी येतं. त्या वर पावडर लावतात आणि खिडकीत उभं राहून फोटो काढतात, आणि फोटोत यातलं काहीही नसतं. डॉक्टरांना तेच फोटो जातात. मार्चची भेट आईंनी रद्द केली, आणि डॉक्टरांनी 'येऊन जा' म्हणून दोनदा निरोप पाठवला तर 'बरी आहे' असं कळवलं.

मी सिद्धार्थला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, फोटो बघ ना आईचे, काय मस्त दिसतेय!" त्याचं ऑफिस लोअर परळला, घरापासून पंधरा मिनिटांवर, पण आईचा चेहरा तो फोनवरच बघतो.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन माझ्या हातात आला. आई पुढचा, पडद्याकडचा कॅमेरा वापरतात. त्यात चेहरा गुळगुळीत करायची सोय दुकानातून आली तेव्हापासून चालू आहे, अगदी शेवटच्या टोकाला. ज्याच्यासाठी एवढा फोन घेतला तो मागचा कॅमेरा त्यांनी डागासाठी एकदाही वापरलेला नाही, कारण त्यात स्वतःला बघता येत नाही. त्याने फक्त भानोल्याचे फोटो काढलेत. मी ती सोय बंद करून आईंचा एक फोटो काढून दाखवला. त्यांनी बघितला आणि म्हणाल्या, "तू फोन बिघडवलास. होता तसा कर आधी." मग दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. सोय परत चालू केली.

माझं त्या ऐकत नाहीत. तुमचंही ऐकणार नाहीत. पण आमच्या बोलण्याचा त्यांना कंटाळा येतो आणि तुमच्या बोलण्याचा राग येतो. त्या अर्थी तुमचंच त्यांना लागतं. काहीतरी करा, मामा. मी लिहिलंय हे त्यांना सांगू नका.

तुमची,
जुई

---

गिरगाव, २६ एप्रिल २०२५

उमे,

हे पत्र जुईच्या नावाने पाठवतोय, ती उघडून तुझ्या हातात देईल, म्हणजे न उघडता परत पाठवायची तुझी सोय राहिली नाही. तिने मला काही कळवलंय असं समजू नकोस, आणि समजलीस तर तिला एक शब्द बोलू नकोस. बोलायचं ते मला बोल.

तुझा फेब्रुवारीतला फोटो काल पुन्हा काढला आणि दुपारभर भिंगाखाली धरला. दुकानदाराने त्याला हात लावलेला नाही. कुणाही माणसाने लावलेला नाही. माणूस पुसतो तेव्हा कुठेतरी हात जड पडतो, कुठेतरी कंटाळा दिसतो. इथे सगळा चेहरा एकाच मापाने घासलाय, आणि हनुवटीची कड संपली रे संपली की खाली मान जशीच्या तशी, साऱ्या सुरकुत्यांसकट. कामावर लागल्याच्या पहिल्या आठवड्यात आम्हाला शिकवायचे की चेहरा घ्याल तर मानही घ्या. हे मला फेब्रुवारीतच दिसायला हवं होतं. मी डागाच्या जागी बघितलं, साबणाच्या वडीचा विनोद सुचला आणि भिंग ठेवून दिलं.

तू लिहिलं होतंस, 'डॉक्टरांना गेला तोच हा फोटो.' ते वाक्य वाचून मी मोठ्याने हसलो होतो. सगळी गिऱ्हाइकं खोटं बोलतात तशी तूही बोलतेस, असं धरून चाललो. तू खरं लिहिलं होतंस, उमे. खोटं बोलत होता तो फोन, आणि मूर्ख होतो तो मी. अडतीस वर्षं जे काम मी पोटासाठी केलं ते हे यंत्र न सांगता, न विचारता करतंय, आणि ते ओळखायला अख्ख्या मुंबईत माझ्यासारखा दुसरा लायक माणूस नसताना मी तुझी टिंगल करत बसलो.

माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. एक कर. भुवया रंगवायची तपकिरी पेन्सिल घे. उजव्या गालावर, चांगल्या बाजूला, तुरीच्या डाळीएवढा ठिपका काढ. आरशात बघ. जुईला दाखव, तिला दिसतोय का विचार. मग त्याच खिडकीत, त्याच कॅमेऱ्याने, तू काढतेस तसाच फोटो काढ.

ठिपका फोटोत राहिला तर मी दादरला येतो, तुझ्या बिल्डिंगखाली उभा राहतो आणि माफी मागतो. मी किती मोठ्याने बोलतो तुला माहीत आहे. ठिपका गेला तर त्याच दिवशी परळ. सुईला काय घाबरायचं ते तिथे खुर्चीत बसून घाबर.

मला भीती वाटतेय. सत्तर वर्षं तू मला बोलत आलीस आणि मी तुला. घरात मला कुणी बोलणारं उरलेलं नाही. तू एका डोळ्याने बोलायला लागलीस तर मला ते झेपणार नाही.

मनूदादा

---

दादर, २९ एप्रिल २०२५

ठिपका गेला. दोनदा काढला, दोनदा गेला. जुईने रजा टाकलीय. खाली टॅक्सी उभी आहे.

उर्मिला

---

दादर, १० जून २०२५

प्रिय मनूदादा,

कागदावर एका डोळ्याने लिहितेय, दुसऱ्यातून अजून पाणी येतं, म्हणून ओळी वाकड्या जातील. अक्षराला नावं ठेवू नकोस.

ऑपरेशननंतर तू वॉर्डात रोज येऊन बसलास ते मी विसरणार नाही. नर्सनी तुला दोनदा गप्प केलं तेही विसरणार नाही. तुझ्या मते तू कुजबुजत होतास आणि समोरच्या खाटेवरच्या बाईला माझा सगळा इतिहास पाठ झाला.

काल डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. कॅन्सरच होता, पण अंगभर पसरणारा नव्हे, जागच्या जागी खात जाणारा. सगळा निघाला म्हणाल्या. डोळा राहिला. खालच्या पापणीचा बाहेरचा तुकडा मात्र गेला. मी विचारलं, मार्चमध्ये आले असते तर? त्या म्हणाल्या, "पापणी बहुतेक राहिली असती." मी विचारायला नको होतं. सिद्धार्थ माझ्या शेजारीच बसला होता. संध्याकाळी तो त्या दुकानात जाऊन वैभवशेठशी तावातावाने भांडून आला. वैभवशेठ म्हणाले, "साहेब, लोक त्याच्यासाठीच तर घेतात." सिद्धार्थ परत आला आणि माझ्या खोलीत दिवा लावून माझ्यासमोर बसून राहिला. मी पदराने तोंड झाकून घेतलं.

खरी गोष्ट अशी की मी अजून माझा चेहरा बघितलेला नाही. ड्रेसिंग निघून आठ दिवस झाले. बाथरूममधल्या आरशाला टॉवेल लावलाय. स्वयंपाकघरात स्टीलच्या डब्यांकडे पाठ करून उभी राहते. हाताने मात्र सारखी चाचपते.

काल फोन हातात घेतला. जुईने मागे कधीतरी असं करून ठेवलं होतं म्हणे की माझा चेहरा बघितला की तो आपोआप उघडतो. मी समोर धरला. उघडला नाही. पुन्हा धरला. 'चेहरा जुळत नाही' असं आलं. चार महिने मला रोज सुंदर म्हणत होता तो, आणि आता मी कोण ते त्याला माहीत नाही. जुई हळूच म्हणाली, "आई, नवीन चेहरा नोंदवावा लागेल, एक मिनिटाचं काम आहे." मी म्हटलं, थांब जरा, आधी माझी ओळख होऊ दे.

सिद्धार्थ म्हणतो, छान दिसतेस. जुई म्हणते, हळूहळू बरं होईल. मला यांतलं एकही नको आहे. तू ड्रेसिंग बदलताना समोर होतास. तुला चेहरा वाचता येतो आणि गोड बोलता येत नाही. मी कशी दिसते ते मला लिहून कळव. समोर येऊन सांगू नकोस, समोर तू माझ्याकडे बघून कदाचित खोटं बोलशील. मी कुरूप दिसते का, दादा?

तुझी,
उर्मिला

---

गिरगाव, १४ जून २०२५

प्रिय उमे,

चार कागद फाडले. पहिल्या तिन्हींत मी तुझी पापणी भरून काढत होतो. जुना हात, सवयीने जातो. चौथ्यात नुसतीच माफी मागत बसलो होतो. मार्च माझ्या तिरकस जिभेमुळे गेला, पापणी त्यात गेली, आणि हे मी मरेपर्यंत माझ्याकडे राहील. तू माफ करू नकोस, मला ते अवघड होईल. आता विचारलंस ते.

शिवण डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून निघते, पापणीच्या खालून बाहेर येते, कानासमोरून खाली वळते आणि जबड्यापाशी थांबते. रंग लालसर आहे, मधल्या भागात जांभळा. तो सहा महिन्यांत उतरेल, पण रेघ जाणार नाही. गालाची कातडी वर ओढून घेतलीय, म्हणून डावी बाजू उजवीपेक्षा लहान आणि तरुण दिसते, आणि दोन्ही बाजू दोन बहिणींच्या वाटतात. खालच्या पापणीला बाहेरच्या अर्ध्या भागात केस नाहीत. ती थोडी खाली लोंबते, आतला लाल काठ दिसतो, त्यामुळे तू सतत कुणावर तरी भडकल्यासारखी दिसतेस. हे नवीन आहे असं मी म्हणणार नाही. हसलीस तर तोंड उजवीकडे जास्त जाईल. लोक वळून बघतील. मुलं टक लावून बघतील.

कुरूप दिसतेस का? हो, सध्या दिसतेस. पण सातव्या दिवशी नर्सने पट्टी उचलली तेव्हा तू डोळे गच्च मिटून घेतले होतेस, मी मिटले नव्हते. मग तिने तुला डावा डोळा उघडायला सांगितला. तू उघडलास, माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "काय बघतोस, बावळटासारखा?" तो डोळा मला दिसला, उमे, आणि 'तू मला दिसतोयस' म्हणून सांगत होता. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडलो. मला वाटलं मी आवाज न करता रडतोय. नर्सने येऊन मला तिसऱ्यांदा गप्प केलं.

एवढं सगळं आहे. यात मी काही पुसलेलं नाही आणि काही भरलेलं नाही. टाके एकोणीस होते, मी मोजले. आता हा कागद खाली ठेव, आरशावरचा टॉवेल काढ आणि एकेक मोज. विसावी खूण सापडली तर मला खोटारडा म्हण.

तुझा,
मनूदादा